बहात्तराव्या तासाची मोजणी

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता चाळीसपैकी सदतीस अळ्या मेलेल्या निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर सायलीची तीन वर्षंही गेली.

मला हे कळलं बुधवारी. कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानापुढं उभा राहून मी मालकाशी हुज्जत घालत होतो, तेवढ्यात उषाताईंचा फोन आला. उषाताई म्हणजे आबिड्सच्या पोस्टामागच्या गल्लीतल्या कापूस कीड केंद्राच्या संचालक. बाई मोजकं बोलतात.

"हिम्मतराव, परवा अकरा वाजता समिती बसतेय. एका पोरीच्या नावापुढं 'खोटी' असं लिहायचं की नाही, एवढंच ठरायचं राहिलंय. तुम्ही येता का?"

मी निवृत्त कीटकनाशक निरीक्षक. छत्तीस वर्षं नकली औषधं पकडली, व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि पेन्शनीवर निघालो. अळी का मेली हे सांगणारे ढिगानं मिळतात. अळी का मेली नाही, हे शोधण्यात माझा जन्म गेला. इथं तर जगायच्या त्या मेल्या होत्या. मी पुस्तक तिथंच टाकलं आणि चालत सुटलो.

उषाताईंनी सगळं सरळ सांगितलं. सायली या केंद्रातल्या तरुण संशोधिकेनं तीन वर्षांपूर्वी आदिलाबादच्या कपाशीवरून बोंडअळ्या आणल्या. शेतकरी एक नावाजलेलं औषध फवारून थकले होते आणि या अळ्या मजेत बोंडं खात होत्या. कीटकांच्या शरीरात सायटोक्रोम नावाच्या एन्झाइमांचा मोठा गोतावळा असतो, त्यात जनुकांचं एक घराणं आहे सिप-सिक्स. पोटात गेलेलं विष फोडून निरुपयोगी करायचं, हे या घराण्याचं काम. सायलीचा दावा असा, की आदिलाबादी अळ्यांमध्ये या घराण्यातलं एक जनुक नेहमीच्या कितीतरी पट काम करतं. म्हणून त्या मरत नाहीत आणि म्हणून ते औषध थांबवायला हवं.

सोमवारी समितीसमोर तिनं प्रात्यक्षिक केलं. चाळीस आदिलाबादी, आणि तुलनेला केंद्रात बावीस वर्षं पिढ्यान् पिढ्या आयतं खाऊन वाढलेल्या चाळीस नाजूक अळ्या. नाजूक अळ्यांना तिथले लोक 'घरजावई' म्हणत. प्रत्येकीच्या पाठीवर औषधाचा एकेक थेंब. एरवी चाळीसातल्या पस्तीस-छत्तीस आदिलाबादी जगायच्या. या वेळी तीन जगल्या.

"मग पुन्हा करा प्रयोग," मी म्हणालो.

उषाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कशावर करणार? अळ्यांना रोग लागलाय म्हणून विभागप्रमुखांनी मंगळवारी दुपारीच उरलेल्या सगळ्या आदिलाबादी वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकल्या. आता एकही शिल्लक नाही."

२

सायली संगोपन खोलीत मोकळ्या मांडणीसमोर बसली होती. काचीगुड्याची पोर, आजोबा परभणीकडून आलेले. डोळे सुजले होते, पण पाठ ताठ होती.

"काका, मी आकडे बनवले नाहीत. माझं डोकंच चालंना झालंय. तीन वर्षं ज्या जगल्या, त्या एका दिवसात कशा मेल्या?"

"औषध कोणी जहाल केलं असेल?"

"मी स्वतः बनवलं. एकाच कुपीतून दोन्हीकडं थेंब टाकले. आणि औषध जहाल असतं तर घरजावई तासाभरात आडव्या झाल्या असत्या. त्या नेहमीच्याच वेळेला मेल्या, मी घड्याळ लावून बघितलं."

पोरगी हुशार होती. मी विचारलं, "अळ्यांची अदलाबदल?"

"मग घरजावयांच्या ट्रेमध्ये तरी पस्तीस जगायला हव्यात ना? तिथं एकोणचाळीस मेल्या."

म्हणजे औषध तेच, अळ्याही त्याच. मग उरत होत्या दोनच गोष्टी. एक तर सायली तीन वर्षं खोटं लिहीत होती, नाही तर सोमवारच्या आत कोणीतरी आदिलाबादी अळ्यांच्या अंगातली ती विष फोडणारी ताकद काढून घेतली होती.

"असं करणारं रसायन तुमच्याकडं असेलच."

"आहे. एन्झाइमला बांधून टाकतं. पण कपाटात, कुलपात. बाटलीवर पातळीची खूण आणि दर वेळी दोघांच्या सह्या. मी काल पहिलं तेच बघितलं, काका. एक थेंब कमी नाही."

"खोलीच्या चाव्या?"

"चौघांकडं. मी, कौस्तुभ, भामाबाई आणि आमचे विभागप्रमुख विजयसर." तिनं मोकळ्या मांडणीकडं बघितलं. "सरांनी माझे दोन अहवाल परत केले होते, माहितै? अठ्ठेचाळीस तासांवर मोजलं म्हणून. काही अळ्या थेंब पडला की मेल्यासारख्या पडतात आणि तिसऱ्या दिवशी उठून खायला लागतात. सर म्हणायचे, बहात्तर तास म्हणजे बहात्तर. त्याआधीची मोजणी माझ्यासमोर आणू नको. मला असं शिकवलं आणि आता मीच खोटी."

तिला रडू आवरेना. मला रडणाऱ्यांशी बोलता येत नाही. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो आणि ज्यानं हे केलं त्याचा मला भयंकर राग आला.

३

भामाबाई मागच्या जिन्यात डबा सोडून बसल्या होत्या. अळ्यांचं खाणं शिजवणं, कप भरणं, धुणं, हे सगळं बावीस वर्षं त्यांच्याकडं. बोंडअळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप लागतो. चाळीस कपांचा एक ट्रे.

"या साहेब, भाकर खा. गरम हाय." त्यांनी खरंच अर्धी भाकरी पुढं केली. ती सकाळची असूनही मऊ आणि कोमट होती.

"माझ्यावर येणार बघा हे. खाणं म्या करते ना. म्हणतील, बुढ्ढीनं कायतरी घातलं. कायकू घालू म्या? लेकरावानी वाढवल्या."

"मंगळवारी कप तुम्हीच धुतले?"

"हौ. आन् एक सांगू का? आदिलाबादीचे कप बुळबुळीत होते. साबण लावला तरी हात सटकायचा. आन् वास कसा, तर संक्रांतीचा. घरजावयाच्या कपाला नव्हता."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. "संक्रांतीचा म्हणजे तिळाचा?"

"तिळाच्या तेलाचा. अफझलगंजला घाण्यावर मिळतंय बघा, तसला. म्या तर खाण्यात करडईचं घालते, तेबी चमचाभर."

मी नोकरीला लागलो तेव्हाच्या एका जुन्या निरीक्षकानं मला सांगितलेली गोष्ट आठवली. फुलांपासून काढलेलं जुनं कीटकनाशक विकणारे त्यात तिळाचं तेल मिसळायचे. तिळाचं तेल स्वतः कीटक मारत नाही. पण तिळात असा एक पदार्थ असतो जो कीटकाच्या त्या एन्झाइमला धरून ठेवतो, म्हणजे विष फोडायला कोणी मोकळं राहत नाही. कपाटातली कुलूपबंद बाटली जे करते तेच, जरा कमी जोरानं. आणि त्यासाठी कोणाची सही लागत नाही.

"अजून काही चुकल्यासारखं वाटलं?"

भामाबाईंनी इकडं तिकडं बघितलं. "शनिवारी आदिलाबादीचे सहा ट्रे भरले म्या. मंगळवारी धुवायला आले चारच. मला वाटलं, कौस्तुभसायबानं कापायला नेले. इचारलं तर म्हणतो, नक्को आज्जी, मी नाही नेले." त्यांनी आवाज खाली आणला. "ऐंशी अळ्या गेल्या कुठं, साहेब?"

४

कौस्तुभ पुण्याचा, वर्षापूर्वी आलेला. सायली गेली तर तिची जागा त्यालाच मिळणार, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

"अहो काका, डायरेक्ट विचारा ना. मी केलं का? नाही."

"रविवारी कुठं होता?"

"रूमवर. चटणी-भात आणि क्रिकेट."

"कसली चटणी?"

"तिळाची. आई पाठवते. का?" तो खरोखर गोंधळला, किंवा त्यानं तसं दाखवलं. त्याच्या टेबलावर नावं घातलेल्या कुप्या होत्या, सगळ्यांवर काळ्या मार्करचं गिचमिड अक्षर.

"सायली खोटारडी आहे असं वाटतं?"

त्यानं हातातल्या मार्करचं टोपण लावलं. "मला तिची जागा हवीय. पण अशी नकोय. तिच्या रजिस्टरात एवढी खाडाखोड आहे की ते खोटं असूच शकत नाही. खोटी रजिस्टरं स्वच्छ असतात." हे वाक्य मला आवडलं. छत्तीस वर्षांत मीही तेच शिकलो होतो.

विभागप्रमुख डॉ. विजय सगरोळीकर माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. गुडघ्याला पट्टा, कानामागं शिसपेन्सिल, खिडकीत मालिशच्या तेलाची बाटली. भिंतीवर त्यांचंच एक शिफारसपत्रक चौकटीत लावलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी चार जिल्ह्यांच्या कापूसवाल्यांना त्यांनी हेच औषध सुचवलं होतं आणि दहा वर्षं ते निकामी होणार नाही असं लिहिलं होतं. शेजारी दुसरी पाटी: 'कंट्रोलशिवाय प्रयोग नाही.' म्हणजे औषध दिलेल्यांच्या जोडीला औषध न दिलेल्या ठेवल्याशिवाय कशानं काय झालं ते कळत नाही, एवढा साधा त्याचा अर्थ.

"वाईट वाटतं हो," ते गुडघा चोळत म्हणाले. "माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. पण चोवीस तासांतच चित्र स्पष्ट झालं. सदतीस मेल्या. त्यात आणखी काय बघायचं?"

"आणि उरलेल्या लगेच मारल्यात?"

"रोग पसरला असता तर घरजावईही गेल्या असत्या. मला केंद्र सांभाळायचंय, हिम्मतराव."

"दोन ट्रे कमी भरताहेत म्हणे."

गुडघ्यावरचा हात थांबला. क्षणभरच. "भामाचं वय झालं," ते म्हणाले.

तिळाचं तेल शोधत बसण्यात अर्थ नव्हता, या शहरात ते कोणाकडं नाही? मी बाहेर पडलो आणि जिन्यात मध्येच उभा राहिलो. भाकरी. सकाळी सहाला थापलेली ज्वारीची भाकरी दुपारी दोनला कोमट कशी?

५

"डबा कुठं ठेवता?" मी भामाबाईंना गाठून विचारलं.

"त्या बंद मशिनीवर. परवापासनं वरून गरम लागते. देव पावला म्हणलं."

मागच्या बोळात अळ्या ठेवायचं एक मोठं चेंबर उभं होतं, कपाटाएवढं. दारावर कागद चिकटवलेला: 'बिघडले आहे.' दसऱ्यापासून तो तसाच होता. मी कान लावला. आत बारीक घरघर चालू होती.

मी दार बोटभर उघडलं. दोन ट्रे होते. ऐंशी कप.

प्रत्येक ट्रेला एकेक चिठ्ठी, शिसपेन्सिलनं छापील अक्षरांत लिहिलेली. पहिलीवर: तेल आहे, थेंब नाही. दुसरीवर: थेंब आहे, तेल नाही. खाली वेळ: सोमवार, १.२०. पहिल्या ट्रेमधल्या अळ्या तेलकट खाण्यात तोंड घालून बसल्या होत्या, म्हणजे नुसत्या तेलानं त्या मरत नव्हत्या. दुसऱ्या ट्रेमध्ये औषधाचा थेंब पाठीवर घेऊनही बहुतेक सगळ्या वळवळत होत्या. त्या आदिलाबादीच होत्या.

 मला आधी आनंद झाला, आणि मग भीती वाटली. कारण हे ट्रे आत्ता उषाताईंपुढं ठेवले, तर कोणीही म्हणेल की स्वतःला वाचवायला सायलीनंच हे रचलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. नव्या पोरांचं काम मार्करवर चालतं. पेन्सिल वापरतात जुनी माणसं, कारण कीटक जपायच्या स्पिरिटमध्ये शाई विरघळते. अशी जुनी माणसं इथं दोन. डॉ. सगरोळीकर, आणि त्यांच्याच हाताखाली बावीस वर्षं शिकलेल्या भामाबाई.

पण तेल घालून काम झालं, पुरावा वाफेत गेला, मग हे दोन ट्रे कशाला जिवंत ठेवायचे? लबाडी करणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य आणि धोका मोठा. ते ठेवणारा माणूस एकच प्रकारचा असू शकतो. ज्याला लबाडीतसुद्धा कंट्रोलशिवाय चैन पडत नाही असा. आणि असा माणूस मोजणी अर्धवट सोडणार नाही. सोमवारी एक वीसला थेंब टाकले, म्हणजे गुरुवारी एक वीसला बहात्तर तास पुरे होतात.

मी दार लावून घेतलं आणि उषाताईंना फोन केला. "उद्या दुपारी एक वाजता बोळाशेजारच्या सामानाच्या खोलीत येऊन बसा. सायलीला आणा. आणि तिला सांगा, रजिस्टर बरोबर घे."

६

गुरुवारी एक वाजून दहा मिनिटं. आम्ही तिघं रिकाम्या खोक्यांमध्ये अंग चोरून उभे होतो. दाराच्या फटीतून चेंबर दिसत होतं. सायलीनं रजिस्टर छातीशी धरलं होतं आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. कोणी आलंच नाही तर उद्या अकरा वाजता तिचं सगळं संपणार होतं, आणि ते माझ्या हट्टापायी.

एक वाजून चौदा मिनिटांनी पावलं वाजली. भामाबाई.

त्या चेंबरपुढं थांबल्या. उषाताईंनी माझा दंड घट्ट धरला. भामाबाईंनी हात वर केला, वरचा डबा उचलला, त्याला गाल लावून बघितला आणि जिन्याकडं निघून गेल्या. 

एक सोळा. एक अठरा. बोळ रिकामा. सायली हलक्या आवाजात म्हणाली, "काका, कोणी नाही येणार." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एक वीसला एक मिनिट कमी असताना लंगडत, एक पाय ओढत कोणीतरी आलं.

डॉ. सगरोळीकरांनी मागं पुढं बघितलं नाही. त्यांनी चेंबर उघडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि घड्याळाकडं बघत उभे राहिले. काटा वीसवर गेला तेव्हा दुसरा ट्रे हळूच बाहेर ओढला. प्रत्येक अळीला पेन्सिलच्या टोकानं स्पर्श करत ते पुटपुटत मोजू लागले.

"अकरा, जिवंत. बारा, जिवंत. तेरा... मेली."

सायलीला राहवलं नाही. ती दार ढकलून बाहेर गेली.

त्यांनी वर बघितलं.  तिच्यामागं उषाताई, उषाताईंमागं मी. तो माणूस पळाला असता, ओरडला असता, ट्रे उलटा केला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"मध्ये बोलू नका," ते म्हणाले. "मोजणी तुटली की पहिल्यापासून करावी लागते."

आणि खरंच ते पुढं मोजत गेले. आम्ही तिघं त्या बोळात उभे राहून ऐकत होतो. चाळीस झाल्यावर त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागं ठेवली.

"छत्तीस जिवंत. चार मेल्या."

"रविवारी तेल तुम्ही घातलंत," मी म्हणालो. "सगळ्या कपांना, या चाळीसांना सोडून. शिकवताना बहात्तर तासांच्या आत काही मान्य न करणारा माणूस तिच्या बाबतीत मात्र चोवीस तासांवर खूश झाला. काल मला तिथंच खटकलं. आणि सर, ती खोटी असती तर तिच्या अळ्या नुसत्या थेंबानंच मेल्या असत्या. तेलाची गरजच पडली नसती. तेलानं काम केलं, कारण बांधून टाकायला ते एन्झाइम तिथं होतं. तिला खोटं पाडता पाडता तुम्हीच तिचं खरं करून दिलंत."

"मला ते मंगळवारीच कळलं होतं."

"मग आज कशाला आलात?" उषाताईंचा आवाज फाटला. "कोणाला पत्ताही लागला नसता."

डॉ. सगरोळीकरांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू बाईंनी फारच बाळबोध प्रश्न विचारला होता.

"बहात्तर तास झाले नव्हते."

 चेंबरची घरघर तेवढी चालू होती. मग ते सायलीकडं न बघता बोलले. "चार जिल्ह्यांत माझ्या शब्दावर लोक फवारतात. सात महिन्यांनी मी निवृत्त होतोय. वाटलं, तेवढे निघून जावेत. मग तू कधीतरी पुन्हा अळ्या आणशील, पुन्हा करशील. तू तरुण आहेस."

"माझ्या नावावर 'खोटी' लागलं असतं, सर. मला परत कोणी अळी दिली असती का?"

 त्यांनी गुडघ्यावर हात दाबला आणि भिंतीला टेकले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

भामाबाई जिन्यातून परत आल्या होत्या. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पुढं होऊन ट्रे उचलला, आत डोकावून बघितलं. "छत्तीस हायेत ना? बास झाल्या. दोन महिन्यांत पुन्यांदा मांडणी भरून देते," त्या म्हणाल्या, आणि ट्रे पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

सायलीनं चेंबरच्या दाराला टेकवून रजिस्टर उघडलं. रकाने तिनं पट्टी धरल्यासारखे सरळ भरले. वाण, आदिलाबाद. तेल, नाही. थेंब, होय. वेळ, बहात्तर तास. जिवंत, छत्तीस. मेलेल्या, चार. शेवटच्या रकान्याशी ती थांबली.

"सर, मोजणाऱ्याचं नाव काय लिहू?"

डॉ. सगरोळीकरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. याला बराच वेळ लागला.

"विजय सगरोळीकर," ते म्हणाले. "पूर्ण लिही."

तिनं पूर्ण लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी त्यांच्यापुढं धरलं.